कारण सांगण्यातून लहान माध्यमांना सूट कशासाठी?

महोदय,

समाजमाध्यमांवरून मजकूर काढून टाकण्याबाबतची आपल्याकडची चर्चा फेसबुक, यूट्यूब, एक्स अशा बड्या कंपन्यांपुरतीच राहते. एखाद्या शहरापुरती चालणारी ॲप्स किंवा मॅस्टोडॉनसारख्या, कोणालाही आपले समाजमाध्यम चालवू देणाऱ्या मुक्त प्रणालीवर स्वयंसेवकांनी उभारलेले सर्व्हर यांची धोरणे कोणी वाचत नाही. आणि कायद्याने तेथे दिलेली सूट नको त्या जागी पडली आहे, याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियम आणले, तेव्हा ५० लाख नोंदणीकृत वापरकर्त्यांची सीमारेषा आखली. त्यापुढच्या माध्यमांना अनुपालन अधिकारी नेमणे, दरमहा अहवाल प्रसिद्ध करणे बंधनकारक झाले. लहानांना हा खर्च झेपणारा नाही, म्हणून त्यांना त्यातून वगळले हे योग्यच झाले. ब्रिटनच्या ऑनलाइन सुरक्षा कायद्यातील बेकायदा मजकुराविषयीची कर्तव्ये मार्च २०२५ मध्ये लहानांनाही लागू झाली, तेव्हा तेथील काही हौशी मंडळींनी वर्षानुवर्षे चालवलेली चर्चापीठे गुंडाळण्याचा निर्णय जाहीर केला होता. मात्र आपल्याकडे या सवलतीबरोबर आणखी एका कर्तव्यातून लहानांची सुटका झाली. माध्यमाने स्वतःहून मजकूर काढायचा असेल, तर वापरकर्त्याला आधी कळवावे, कारण द्यावे आणि त्याला दाद मागण्याची संधी द्यावी, ही तरतूदसुद्धा फक्त बड्यांसाठी आहे. वास्तविक कारणाच्या दोन ओळी लिहायला अधिकारी लागत नाही की कार्यालय.

आमच्या गावातील अशाच एका ॲपवर नगरपालिकेच्या निविदेची सूचना, तिच्यातील मुदतीच्या तारखेवर लाल खूण करून, एकाने टाकली होती. दुपारपर्यंत ती नाहीशी झाली आणि ‘आपली पोस्ट समुदाय नियमांशी विसंगत आहे’ एवढाच निरोप आला. कोणता नियम, तक्रार कोणाची, काही नाही. नियमांचे पान उघडावे, तर ते संपूर्ण इंग्रजीत. माहिती तंत्रज्ञान नियमांतील २०२२ च्या दुरुस्तीनुसार माध्यमाचे हे नियम राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील, म्हणजे मराठीसह इतर भारतीय भाषांमध्येही उपलब्ध हवेत आणि त्यातून लहानांना सूट नाही. तक्रार अधिकारीही प्रत्येकाला नेमावाच लागतो, त्याच्या निर्णयाविरुद्ध केंद्राच्या अपील समितीकडे जाता येते. पण कारणच माहीत नसेल, तर अपिलात लिहायचे काय?

चालकांची भीती मी समजू शकतो. एखाद्या मजकुरापायी, वापरकर्त्याच्या मजकुराबद्दल माध्यमाला जबाबदार न धरणारे कायद्याचे संरक्षण जाईल, या धास्तीने तक्रार येताच पोस्ट उडवणे त्यांना सोपे वाटते. परंतु श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच स्पष्ट केले आहे, की मध्यस्थावर, म्हणजे माध्यम चालवणाऱ्यावर, मजकूर हटवण्याची जबाबदारी येते ती न्यायालयाच्या किंवा सरकारच्या आदेशाने, कोणा खासगी तक्रारदाराच्या सांगण्याने नव्हे. पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील पोस्टवरून २०१२ मध्ये अटक झाली, त्या प्रकरणानंतरच हा खटला उभा राहिला होता. निदान महाराष्ट्रातील चालकांना तरी त्याचा विसर पडू नये. (पुढील काळात नियम बदलले, तरी निकालातील हे तत्त्व कायम आहे. नग्न वा अश्लील चित्रांबाबतच्या पीडितांच्या तक्रारींची तरतूद वेगळी आहे आणि ती तशीच असावी.)

युरोपीय संघाने लहान उद्योगांना अनेक जबाबदाऱ्यांतून मोकळे केले, पण मजकूर हटवल्यास कारण देण्याची अट सर्वांवर ठेवली. मॅस्टोडॉनमध्ये तर अशा कारवाईविरुद्ध अपील करण्याची सोय प्रणालीतच आहे, आणि आपण इतर कोणते सर्व्हर रोखले व का, हे चालकाला जाहीर करता येते. असे कितीतरी सर्व्हर पगाराविना काम करणारे लोक सांभाळतात.

तेव्हा केंद्राने पुढील दुरुस्तीत ५० लाखांची रेषा इतर बाबींसाठी खुशाल ठेवावी, परंतु हटवलेल्या मजकुराचे कारण आणि मोडलेल्या नियमाचा क्रमांक वापरकर्त्याला त्याच्या भाषेत कळवण्याची अट सर्वांना लावावी. मराठी ॲप चालवणाऱ्यांनी त्यासाठी दुरुस्तीची वाट पाहण्याचेही कारण नाही.

आपला,
एक वाचक, सातारा जिल्हा