यासाच्या मोटरचा इतिहास सांगताना

भांडुप, मुंबई

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

सेमिनारला तू इलेक्ट्रिक मोटर बनवणारी यासा कंपनी घेतलीस हे छान केलंस, पण तू पाठवलेल्या स्लाइड्समध्ये नुसती सालं आहेत. 2009 मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठातून टिम वुल्मरने कंपनी काढली, 2021 मध्ये मर्सिडीज-बेंझने ती विकत घेतली. एवढं तर कुणालाही मोबाइलवर मिळतं. मधल्या बारा वर्षांत नेमकं काय अडत होतं आणि ते कसं सुटलं, ते सांग.

चपटी मोटर ही काही त्यांची कल्पना नव्हे. फॅरेडेचं 1831 चं यंत्र म्हणजे चकतीच होती. तरी पुढे जगभर नळकांड्याच्या आकाराच्याच मोटरी झाल्या, कारण त्या करायला सोप्या. स्टॅम्पिंग (कापलेले लोखंडी पत्रे) एकावर एक रचायची, खाचांत वाइंडिंग (तांब्याची तार) भरायचं, रोटर (फिरणारा भाग) आत सरकवायचा. रोटरला सगळीकडून सारखी ओढ असते, त्यामुळे बेअरिंग सुखात.

चकतीच्या मोटरमध्ये चुंबक समोरून ओढतो. गॅपमध्ये, म्हणजे रोटर आणि स्थिर भागामधल्या फटीत, 0.8 टेस्ला (चुंबकी क्षेत्राचं माप) असेल तिथे दर चौरस सेंटिमीटरला साधारण अडीच किलो ओढ बसते. चुंबकांचं क्षेत्र 300 चौ. सें.मी. धरलं तर पाऊण टन झालं! दोन्ही बाजूंना रोटर लावले की ही ओढ शाफ्टवर एकमेकांना काटते, पण गॅप दोन्हीकडे तंतोतंत असेल तरच. एकीकडे 1 मि.मी. आणि दुसरीकडे 0.8 असं झालं की फरकाचा सगळा भार बेअरिंगवर. शिवाय प्रत्येक रोटर आतल्या बाजूला वाकू पाहतो तो वेगळाच. हे गणित फळ्यावर कर, सरांना आवडेल.

आता यासाचं वेगळेपण. वुल्मर आणि त्याचे मार्गदर्शक माल्कम मॅकुलॉक यांनी 2007 मध्ये पेपर मांडला, कंपनीचं नाव त्यातूनच आलं: ‘योकलेस अँड सेगमेंटेड आर्मेचर’, म्हणजे योक (दातांना मागून जोडणारं लोखंड) नसलेला, तुकड्यातुकड्यांचा स्टेटर (मोटरचा स्थिर भाग). एका रोटरवरचा उत्तर ध्रुव दुसऱ्या रोटरवरच्या दक्षिण ध्रुवासमोर ठेवला की फ्लक्स (चुंबकी प्रवाह) स्टेटरच्या दातातून, म्हणजे कॉइल गुंडाळलेल्या तुकड्यातून, सरळ आरपार जातो. वळतो तो रोटरच्या मागच्या लोखंडात. मग स्टेटरला योक हवाच कशाला? योक गेला की त्याचं वजन आणि त्यातला आयर्न लॉस (लोखंडात वाया जाणारी ऊर्जा) दोन्ही गेले. दात सुटे असल्यामुळे प्रत्येकावर चपटी तार बाहेरच घट्ट गुंडाळता येते. आपल्या गल्लीतल्या रिवाइंडिंगवाल्याकडे गोल तारेने खाच जेमतेम चाळीस टक्के तांब्याने भरते. इथे त्याहून कितीतरी जास्त तांबं मावतं.

पण योक गेला म्हणजे दातांना धरून ठेवणारा कणाच गेला. सगळा टॉर्क दातांवर येतो आणि त्यांना धरायला धातूची प्लेट चालत नाही, तिच्यात एडी करंट (धातूत भोवऱ्यासारखे उठणारे प्रवाह) फिरून ती तापते. म्हणून प्लास्टिक-काचतंतूसारख्या पदार्थाचं कवच, आणि त्यात कॉइलच्या अंगाला लागून वाहणारं तेल. दात लोखंडाच्या भुकटीचे, प्रत्येक कणावर इन्सुलेशन, साच्यात दाबलेले. एडी करंट कमी होतात, पण पर्मिएबिलिटी (फ्लक्स वाहू देण्याची क्षमता) पत्र्याहून कमी आणि माल ठिसूळ. हातोडीचा एक टोला बसला की तुकडा पडला. असं कवच, असं तेल, असे दात हजारोंनी सारखे कसे काढायचे, ही माझ्या मते या कंपनीची खरी कहाणी आहे.

म्हणून सुरुवातीची गिऱ्हाइकं बघ. 2013 मध्ये ड्रेसनच्या इलेक्ट्रिक रेसिंग कारने ताशी 328 कि.मी.चा विक्रम केला, मग कोनिगसेग रेगेरामध्ये तीन मोटरी, 2019 मध्ये फेरारी एसएफ90 मध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या चिंचोळ्या फटीत एक. थोडा माल, भरपूर किंमत, जागेची मारामार. आपल्या लोकलला ही मोटर कुणी लावणार नाही. तिथे वजन रुळावर पकड घ्यायला कामाचंच असतं आणि तीन फेजची इंडक्शन मोटर चुंबकाशिवाय निवांत चालते. मोठ्या संख्येने उत्पादनाची जबाबदारी मर्सिडीजच्या बर्लिन-मारिएनफेल्ड कारखान्याकडे आहे.

यासाने 2025 मध्ये जाहीर केलेला आकडा लिहिताना जपून. 12.7 किलोच्या मोटरमधून 750 किलोवॅट, हा पीक आहे. सतत चालवायचे 350 ते 400, असा अंदाज कंपनीनेच दिलाय. टॉर्क दुप्पट करायचा तर करंट साधारण दुप्पट आणि तांब्यातली उष्णता चौपट. म्हणून पीक काही सेकंदांचाच असतो. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिही, नाहीतर पहिला प्रश्न तोच येईल.

मॉडेल करणार असशील तर लोखंडी दातांच्या भानगडीत पडू नकोस. दोन रोटर, प्रत्येकी 12 निओडिमियम चुंबक, मध्ये रेझिनमध्ये बसवलेल्या 9 कॉइल. 1, 4, 7 सिरीजमध्ये, तसंच 2, 5, 8 आणि 3, 6, 9. तीन फेज मिळतात. 300 आरपीएमने फिरवलंस की 30 हर्ट्झचं व्होल्टेज यायला हवं. रोटरची प्लेट माइल्ड स्टीलची घे, 6 ते 8 मि.मी. ॲल्युमिनियम घेतलंस तर फ्लक्सला परतीची वाट राहत नाही आणि व्होल्टेज पडतं. जोडायच्या आधी दोन्ही प्लेट थोडं अंतर राखून समोरासमोर धरून बघ: एकमेकींना ओढल्या पाहिजेत. ढकलत असतील तर एक प्लेट एका चुंबकाएवढी, म्हणजे 30 अंश फिरव. दुसरा रोटर हाताने कधीही बसवायचा नाही, बोट चेचतं. प्लेटला तीन आटे पाडून लांब स्क्रू लाव आणि तिन्ही थोडे थोडे फिरवत खाली उतरव. गॅप तीन ठिकाणी फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोज.

तार 21 गेजची पुरेल. लोहार चाळीत पुढच्या आठवड्यात जाणार आहे, प्रत्येक कॉइलला किती वेढे ते ठरवून कळव, म्हणजे किती किलो घ्यायची ते बघतो.

तुझा,
बाबा