वेस्टलेकचं घर घेण्याआधी

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

सई आणि जावई कॅलिफोर्नियात डेली सिटीत, वेस्टलेक या वस्तीत घर बघताहेत हे कळलं. फोटोतली घरं तुला एका साच्यातून काढलेल्या गणपतींसारखी वाटली. शिवाय सगळी लाकडाची आहेत म्हटल्यावर तुझ्यासारख्या आरसीसीवाल्याच्या पोटात गोळा येणं साहजिकच आहे. पण घराला नावं ठेवण्याआधी ती वस्ती कशी उभी राहिली ते बघ. तिथल्या घरांचं बरंवाईट सगळं फिरून गॅरेजपाशीच येतं, म्हणून हे पत्रही तिथेच जास्त रेंगाळणार आहे.

सॅन फ्रान्सिस्कोची हद्द संपली की लगेच दक्षिणेला, पॅसिफिकच्या कड्यावर ही वस्ती आहे. ती वसवली हेन्री डोल्गर या बिल्डरने. शाळा आठवीत सुटलेला हा माणूस. दुसऱ्या महायुद्धाआधीच त्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या सनसेट भागात, वाळूच्या टेकड्या सपाट करून, 25 फुटी प्लॉटांवर एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या रांगा उभ्या केल्या होत्या. 1945 मध्ये त्याने डेली सिटीच्या बाजूला सुमारे 600 एकर जमीन घेतली. तिथे तेव्हा वाळू, कोबीचे मळे आणि डुकरांचे वाडे होते. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना 1944 च्या कायद्याने सरकारी हमीवर गृहकर्ज मिळू लागलं होतं, त्यामुळे गिऱ्हाईक दारात उभं होतं. डोल्गरने कारखान्यासारखं काम लावलं. लाकूड मापात कापून यायचं आणि एकेका कामाची टोळी या घरावरून त्या घरावर सरकत जायची. 1949 पासून लोक राहायला आले. शाळा, दुकानं, दवाखाने सगळं त्याने आराखड्यातच धरलं होतं. त्याचं मला मनापासून कौतुक वाटतं, कारण आपल्याकडे अजूनही आधी इमारती होतात आणि भाजीबाजार मागून रस्त्यावर भरतो.

इथले प्लॉट सनसेटपेक्षा रुंद, साधारण 33 फूट. तरी तेवढ्यात गाडी, जिना आणि तीन खोल्या शेजारी शेजारी बसत नाहीत. म्हणून गाडी खाली आणि माणसं वर. रस्त्यावरून आधी दिसतं ते गॅरेजचं तोंड, त्याच्या डोक्यावर दिवाणखान्याची मोठी खिडकी, बाजूने दाराकडे जाणाऱ्या पायऱ्या. एकसारखेपणा झाकायला डोल्गरने दर्शनी भाग बदलत नेले: कुठे फुलपाखराच्या पंखांसारखं दोन्ही टोकांना वर उचललेलं छप्पर, कुठे फिकट गुलाबी गिलावा, कुठे फिकट हिरवा. आतला नकाशा मात्र मोजक्या प्रकारांचाच.

एक गोष्ट सईला ठाऊक असायला हवी. ही घरं सुरुवातीला गोऱ्यांसाठीच होती. युद्धोत्तर उपनगरांच्या खरेदीखतांत तशा अटीच लिहिलेल्या असत. 1948 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या अटींची अंमलबजावणी बंद केली, तरी विकणाऱ्यांची पद्धत लगेच बदलली नाही. जुन्या कागदांत ते कलम आजही सापडतं. सापडलं तर काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, नोंदणी कार्यालयात अर्ज देऊन ते काढून टाकता येतं, आणि तिने ते जरूर करावं. पुढे आशियातल्या लोकांना दार उघडणारा 1965 चा स्थलांतराचा कायदा आला, 1973 मध्ये बार्ट रेल्वेचं स्टेशन झालं, आणि फिलिपिनो कुटुंबं या गावात स्थिरावली. आज डेली सिटीत साधारण तिघांतला एक फिलिपिनो आहे. एका घरात आजी-आजोबा, मुलं, नवीन आलेला भाचा असे सगळे राहायचे, मग गॅरेजच्या मागे एक खोली निघाली, तिला न्हाणी जोडली, पुढे छोटं स्वयंपाकघर. डोल्गरने गाडीसाठी ठेवलेल्या जागेत माणसं राहू लागली आणि गाड्या फुटपाथवर चढल्या. या वस्तीचं आजचं रूप त्या खालच्या खोल्यांनी घडवलंय.

जाहिरातीत त्या खोलीला 'बोनस रूम' म्हणतात. तिथे फसगत होते. पहिलं काम, सिटीच्या बिल्डिंग खात्याकडून त्या पत्त्याचा परमिटचा सगळा इतिहास मागवायचा. परमिट नसेल तर ती खोली क्षेत्रफळात धरून भाव द्यायचा नाही. मग टेप घेऊन खाली उतरायचं. छत निदान 7 फूट हवं. झोपायच्या खोलीला आगीत बाहेर पडता येईल अशी खिडकी हवी: जमिनीलगतच्या मजल्याला उघडल्यावर 5 चौरस फूट मोकळी जागा, उंची निदान 24 इंच, रुंदी 20 इंच, आणि खालचा काठ खोलीच्या फरशीपासून 44 इंचांपेक्षा वर नको. गॅरेजवर राहत्या खोल्या असल्याने गॅरेजच्या छताला 5/8 इंच जाडीचा आगरोधक जिप्समचा बोर्ड लागतो. बहुतेक हौशी कामांत दिव्यांसाठी भोकं पाडून त्याची चाळण केलेली असते.

आता तुझ्या काळजीचा मुद्दा, भूकंप. 1906 चा भूकंप ज्या सॅन अँड्रियास भेगेवर झाला ती भेग वेस्टलेकच्या थोडं दक्षिणेला, मसल रॉकपाशी समुद्रात शिरते. 22 मार्च 1957 रोजी तिथेच 5.3 रिश्टरचा धक्का बसला. नव्या वस्तीतल्या घरांना भेगा गेल्या आणि कड्यावरून जाणारा किनारी महामार्ग दरडींखाली कायमचा बंद झाला. लाकडाचं घर मात्र अशा वेळी बिनसळईच्या वीटकामापेक्षा शहाणं असतं, कारण ते हलकं असतं आणि लवतं. अडचण गॅरेजच्या तोंडाशी आहे. दाराच्या दोन्ही अंगांना हात-दीड हात रुंदीच्या भिंती उरतात, आणि वरच्या मजल्याचा आडवा धक्का त्या बाजूने त्यांनाच झेलायचा असतो. मागे आडव्या भिंती भरपूर, पुढे जवळजवळ नाहीत. म्हणून घर पुढच्या बाजूने पिळवटतं आणि खालचा मजला दुमडतो. तुमच्या भाषेत स्टिल्ट पार्किंगवरची इमारत, फक्त लाकडाची.

इलाज ठरलेला आहे. गॅरेजच्या तोंडाशी पोलादी चौकट बसवायची, किंवा त्या अरुंद भिंतींच्या जागी तयार मिळणारे कणखर पॅनेल पायाला बोल्ट करून लावायचे. दोन्हींत खालचं काँक्रीट पुरेसं खोल आहे का ते आधी उकरून बघावं लागतं, आणि बरेचदा नवा पाया ओतावा लागतो. बाकी भिंतींत पायावरची लाकडी पट्टी बोल्टने काँक्रीटला धरलेली हवी. नटाखाली जुना गोल वॉशर दिसला तर तिथे 3 इंची चौकोनी जाड प्लेट हवी, नाहीतर धक्क्यात पट्टी बोल्टपाशी चिरते. बोल्ट बघायला गॅरेजसारखी जागा नाही. टॉर्च मारायचा, आणि नटाला गंजाचे पापुद्रे सुटले असतील तर फोटो काढून इंजिनिअरला पाठवायचा. राज्याच्या योजनेतून या कामाला अनुदान मिळू शकतं, पण अर्ज मंजूर होण्याआधी काम सुरू केलं तर ते हातचं जातं.

गंज तिथला रोजचा पाहुणा आहे. उन्हाळ्यात समुद्रावरून धुकं आत शिरतं. जुलैतही लोक स्वेटर घालून फिरतात. हे धुकं खारट असतं, मुंबईच्या समुद्रकाठच्या ग्रिलसारखंच तिथे गॅरेजच्या दाराच्या स्प्रिंगा, पन्हळी, छताच्या पत्र्याच्या पट्ट्या आणि गिझरची धुराची नळी खातं. दाराच्या स्प्रिंगेला हात लावू नका म्हणून सांग. ती ताणलेली असते आणि तुटली तर माणूस जायबंदी होतो. आतल्या भिंतींवर, विशेषतः उत्तरेकडच्या कपाटांत, बुरशी येते. कपाट भिंतीपासून दोन बोटं पुढे ठेवायचं आणि न्हाणीचा पंखा छताच्या पोकळीत न सोडता थेट बाहेर काढलाय का ते बघायचं. पाण्याचे मूळचे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप असतील तर आतून भरलेले असणार. दोन नळ एकदम सोडले की धार बारीक होते, तेवढी परीक्षा पुरे. सांडपाण्याची लाइन जुनी मातीच्या पाइपांची निघते. सांध्यांतून मुळं शिरतात, त्यामुळे कॅमेरा आत घालून तपासणी करून घ्यायला हवी.

घर जितकं पश्चिमेला तितका देखावा मोठा, आणि धोकाही. तो कडा काही आपल्या सह्याद्रीचा बसाल्ट नाही. हाताने कुसकरेल असा कच्चा वाळूचा दगड आहे. खालून लाटा पाय खातात, वरून पावसाचं पाणी मुरतं, आणि एखाद्या हिवाळ्यात मोठा तुकडा एकदम सुटतो. 1998 च्या एल निन्योच्या पावसात वेस्टलाइन ड्राइव्हवर कड्याकाठची घरं सोडावी लागली. साध्या घरविम्यात जमीन सरकण्याचं नुकसान धरत नाहीत. भूकंपाचा विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि त्यातही सुरुवातीचा 5 ते 25 टक्के भार आपल्यावरच असतो. त्यामुळे कड्याच्या पहिल्या काही गल्ल्या सरळ सोडून द्यायला सांग. विकणाऱ्याने द्यायच्या कागदांत नैसर्गिक धोक्यांचा अहवाल असतो. त्यात भेगेचा पट्टा आणि दरडीचा पट्टा, दोन्हींसमोर 'नाही' असेल तरच पुढे जा.

घराच्या कराचंही बघून ठेव. 1978 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मंजूर केलेल्या तेरा नंबरच्या प्रस्तावामुळे कर खरेदीच्या किमतीवर बसतो आणि वर्षाला फार तर 2 टक्के वाढतो. शेजारच्या आजींचा कर सईच्या कराच्या पाव हिश्शाएवढाही नसेल. हप्त्याचं गणित मांडताना जुन्या मालकाची कराची पावती धरू नका, नव्या किमतीचा सव्वा टक्का धरा.

तिकडे ऑफर टाकायच्या आधीच तपासणीचे अहवाल हाती देतात आणि उत्तराला दोन-तीन दिवसच मिळतात. ते कागद आले की सईला मला लगेच पाठवायला सांग. सोबत गॅरेजचे चार फोटो हवेत: आतून दाराच्या दोन्ही बाजू, छत, मागच्या खोलीचं दार, आणि पायावरची पट्टी अगदी जवळून, शेजारी टेप धरून.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विलास