सिस्टर, त्या वहीबद्दल

प्रिय सिस्टर,

दादाला नवी किडनी बसून परवा सहा महिने झाले. तेव्हाच्या धावपळीत तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. आज सगळ्यांसमोर लिहितेय, कारण ज्यांच्या घरी दादासारखं माणूस आहे त्यांनाही हे कळायला हवं.

त्याआधी आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास डायलिसिस, म्हणजे मशीननं रक्त साफ करणं. प्रत्यारोपणाचं विचारायला गेलो, तर पहिल्या रुग्णालयात फाइल उघडली, 'डाउन सिंड्रोम' (जन्मापासूनची अवस्था, शिकायला-समजायला जास्त वेळ लागतो) वाचलं आणि मिटली. "याला गोळ्यांचं काय कळणार? किडनी वाया जाईल." एकही तपासणी नाही. दादा समोरच बसला होता. घरी येईपर्यंत तो चकार शब्द बोलला नाही.

तुम्ही धीर देत बसला नाहीत, वही आणलीत. "गोळ्या चुकल्या तर शरीर किडनी नाकारतं, ही भीती खरी आहे," म्हणालात, "पण एकट्याला जमतं का, हे कशाला विचारायचं? वेळेवर पोटात जातात का, ते बघू." बीपीच्या गोळ्यांपासूनच सुरुवात केलीत. डबीच्या सकाळच्या खणावर सूर्य चिकटवलात, रात्रीच्या खणावर चंद्र. गोळी घेतली की दादानं स्वतः वहीत फुली मारायची. तीन महिन्यांत एकच खाडा, तोही माझ्यामुळे. गोळ्या संपल्याचं माझ्याच ध्यानात आलं नाही. (तो अजून ऐकवतो.)

वहीसोबत तुम्ही चिठ्ठी जोडलीत. अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार, कलम २५: अपंगत्वामुळे उपचार नाकारायचे नाहीत. खाली सँड्रा जेन्सनचं नाव. तिलाही डाउन सिंड्रोम होता, आधी नकार मिळाला, आणि १९९६ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला हृदय आणि फुफ्फुसं दोन्ही बसवली. खरं सांगते, मला कलमापेक्षा सँड्रानं जास्त बळ दिलं.

दुसऱ्या रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंनी वही चाळली आणि मला नाही, दादाला विचारलं, "रात्रीची गोळी कधी?"

"चंद्राची? आठला."

मग रीतसर तपासण्या झाल्या, नाव प्रतीक्षायादीत लागलं. किडनी मिळायला वेळ लागला, पण तो इतरांना लागतो तसाच.

आता दुसरी वही चालू आहे. पहिली तो तुम्हाला दाखवायला आणणार आहे. फुल्या मोजत बसू नका म्हणतो, त्यानं मोजल्यात.

तुमची,
दादाची बहीण