सहार की उलवे? ठाणेकरांना खरी वेळ सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

25 डिसेंबर 2025 पासून उलव्याच्या नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली आणि तिकीट काढताना ठाणेकरांपुढे नवा प्रश्न उभा राहिला: सहारचा जुना मुंबई विमानतळ की उलवे? बहुतेक जण तिकिटाचा दर आणि त्याखाली छापलेली प्रवासाची वेळ पाहून ठरवतात. त्या वेळेवरून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

दोन्ही विमानतळांत सरळ रेषेत जेमतेम पंचवीस किलोमीटरचे अंतर आहे. दिल्ली दोन्हीकडून सारखीच, साधारण 1140 किलोमीटर. ताशी 800 किलोमीटरने जाणारे विमान हे अंतर दीड तासाच्या आत कापेल. तिकिटावर मात्र सव्वादोन तासांच्या आसपास वेळ असते. कारण ती विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर उभे राहीपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतचा फेरा, उड्डाणाची रांग, ठरलेल्या हवाई मार्गांची वळणे, उतरण्याआधीच्या घिरट्या हे सगळे त्यात धरलेले असते. घर ते विमानतळ हा प्रवास तेवढा त्यात नसतो, आणि ठाणेकराचा जीव टांगणीला लागतो तो तिथेच.

सामानासह सकाळी घोडबंदर रोडवर निघालेल्या माणसाला विचारा. कापूरबावडीपर्यंतच इतका वेळ जातो की पुढचा रस्ता मोकळा मिळूनही उपयोग नसतो. काउंटर तर तासभर आधीच बंद होतो. ठाणे एकच नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. मुलुंड चेकनाक्याजवळच्याला सहार जवळ, शीळफाट्याकडच्याला उलवे. दिवसा घाटकोपरहून मेट्रोने मरोळ नाका आणि तिथून भुयारी मेट्रोने पुढच्याच स्थानकावर सहारचे टर्मिनल 2 गाठता येते; बॅगा घेऊन घाटकोपरचा जिना चढायची तयारी मात्र हवी. पहाटेच्या विमानाला लोकलही नसते आणि मेट्रोही नसते.

आमच्या शेजारच्या काकू गेल्या महिन्यात नागपूरहून परतल्या. एजंटाने दिलेल्या कागदावर नुसते ‘मुंबई’ होते. मुलगा सहारला जाऊन उभा राहिला, काकू उलव्याला उतरल्या. सत्तरीच्या बाईला रात्री अनोळखी ठिकाणी ताटकळावे लागले. दोन विमानतळांच्या शहरात असा कागद देणे हा निव्वळ निष्काळजीपणा आहे.

माझे म्हणणे एवढेच की तिकिटावर आणि मोबाइलवरच्या संदेशात विमानतळाचे नाव मराठीत, ठळक अक्षरांत असावे. आणि आपल्या ठाणे पुरवणीत ठाणे स्टेशन, घोडबंदर, कळवा, दिवा येथून दोन्ही विमानतळांना सकाळी, दुपारी, रात्री आणि पहाटे किती वेळ लागतो, रात्री कोणती बस मिळते, याचा तक्ता दर आठवड्याला छापावा. पावसाळ्यात तो नव्याने तपासून द्यावा, कारण तेव्हा रस्त्यांची सगळी गणिते बदलतात.

आपला,
एक वाचक, कासारवडवली, ठाणे (प.)