वाचनाच्या तासाला टोपली आणि काठी

महोदय,

पहिली-दुसरीच्या मुलांना वाचनाची गोडी नाही, अशी तक्रार करताना आपण त्यांच्या हाती पुस्तक देऊन हातपाय मात्र बांधून ठेवतो. मी आठवड्यातून एकदा गावच्या शाळेत गोष्ट वाचायला जाते. म्हातारी आणि भोपळ्याच्या गोष्टीसाठी जुने लुगडे, काठी आणि बांबूची टोपली एवढेच नेले होते. ‘टुणूक’ लिहिलेली पट्टी दाखवली की टोपलीतल्या मुलीने उडी मारायची. मध्येच मी ‘थांब’ची पट्टी मिसळली, तेव्हा उडीआधी प्रत्येक जण अक्षरे निरखू लागला.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड येथे परिसरातल्या साध्या वस्तूंतूनच बालशिक्षण उभे केले. केंद्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी आणलेल्या ‘जादुई पिटारा’ संचातही बाहुल्या, कोडी आणि खेळ आहेत. परंतु वस्तू हरवल्यास साठा नोंदवहीत हिशेब कोण देणार, या धास्तीने शैक्षणिक साहित्य कपाटात कुलूपबंद राहिलेले मी पाहिले आहे. (बाहुली मळली, तर ती वापरली गेली एवढाच त्याचा अर्थ!) फाटके साहित्य निर्लेखित करण्याचा, म्हणजे साठा नोंदवहीतून रीतसर कमी करण्याचा अधिकार वर्गशिक्षकांनाच द्यावा, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, जि. सातारा