अथर्वच्या मोबाइलबद्दल, आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

माझा अथर्व शिकायला लातूरला तुमच्याकडे आहे, आणि मी फोन केला की आई विचारते, "हा दिवसभर त्या मोबाइलमध्ये करतो तरी काय गं?" आणि मागून बाबांचा आवाज येतो, "गेम. दुसरं काय!" हे दोन मिनिटांत सांगून होण्यासारखं नाही. व्हॉट्सॲपवर लिहिलं तर सुप्रभातच्या फुलांखाली गाडलं जाईल. म्हणून सरळ कागदावर लिहिते आहे.

आधी अभ्यासाचं. अकरावी-बारावीचा अभ्यास आता निम्मा फोनमध्येच आहे. क्लासचं वेळापत्रक, गृहपाठ, नोट्सच्या पीडीएफ सगळं ग्रुपवर येतं. व्हिडिओतले सर भराभर बोलताना ऐकू आले तर आई, दचकू नकोस. मुलं सोपा भाग दीडपट वेगाने ऐकतात आणि अवघड गणित आलं की वेग कमी करतात. समोर वही उघडी असेल आणि पेन चालत असेल तर अभ्यास चालू आहे असं समजायचं. वही बंद आणि नुसता व्हिडिओ चालू, तर ती करमणूक, मग त्यात फळा दिसत असला तरी. एमएचटी-सीईटी, म्हणजे बारावीनंतरच्या प्रवेशाची परीक्षा, संगणकावर असते. गणित असलेल्या गटाला दीडशे प्रश्न, दोनशे गुण, नव्वद-नव्वद मिनिटांचे दोन भाग, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यामुळे सराव परीक्षा त्याने लॅपटॉपवरच द्यायला हव्यात. फोनच्या चिमुकल्या पडद्यावर लांबलचक प्रश्न खालीवर सरकवण्यातच वेळ जातो आणि ती सवय परीक्षेत नडते. त्या तीन तासांत फोन तुमच्याकडे द्यायचा, एवढं त्याच्याशी ठरवून ठेवा.

आता गेम. तो खेळतो ते बीजीएमआय, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया. पूर्वी पब्जी होतं, २०२० साली त्यावर बंदी आली, २०२१ मध्ये हे भारतासाठीचं नवं नाव आलं, २०२२ मध्ये तेही काढलं गेलं आणि २०२३ मध्ये परत आलं. म्हणून बाबांना "बंदी आहे ना त्यावर?" असं वाटत राहतं. शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात, सुरक्षित जागेचं वर्तुळ आवळत जातं आणि शेवटी उरेल तो जिंकतो. चौघांची टोळी असते, तिला स्क्वॉड म्हणतात. "मला मारलं रे, रिव्हाइव्ह दे" असं तो ओरडला तर घरात काही झालेलं नसतं. पडलेल्या साथीदाराला उठवायला थोडा वेळ मिळतो, तो वेळ जातोय म्हणून आरडाओरडा.

तुमचे खटके उडतात ते बहुतेक एकाच गोष्टीवरून. हा खेळ मध्येच थांबवता येत नाही. कॅरम अर्धवट ठेवून जेवायला उठता येतं, इथे उरलेले नव्व्याण्णव जण थांबत नाहीत. तो उठला तर त्याचे तिघे मित्र उघडे पडतात, त्याची रँक घसरते, आणि वारंवार मॅच सोडणाऱ्याचे गुणही गेम कापतो. म्हणून "ठेव तो फोन" म्हटलं की तो "पाच मिनिटं" म्हणतो. आई, ती पाच मिनिटं थाप नसते, पण पाचही नसतात. एरँगल नावाच्या मोठ्या नकाशावर शेवटपर्यंत टिकला तर अर्धा तास लागतो. लिविक लहान, तिथे पंधरा मिनिटं. टीडीएम म्हणून चार विरुद्ध चार असतं, ते दहा मिनिटांच्या आत आटोपतं. तेव्हा पोळ्या लाटायला घेतल्यास की विचार, "कोणता मॅप चाललाय?" एरँगल म्हणाला तर जेवायला अर्धा तास आहे. "ही शेवटची, पुढची लावू नकोस" हे मॅच सुरू असताना सांगितलं तर चालतं. संपल्या संपल्या सांगितलं तर चालत नाही, कारण तोवर मित्रांनी पुढची सुरू केलेली असते.

दिवसाला किती? वय खरं टाकलं असेल तर अठराच्या आतल्यांना गेम स्वतःच तीन तासांवर खेळू देत नाही. पण तीन तास हा कंपनीचा आकडा, आपला नव्हे. आपण शाळेच्या दिवशी एक तास ठरवलाय, म्हणजे दोन मोठ्या मॅच. माझ्या फोनमध्ये फॅमिली लिंक नावाचं ॲप आहे, त्यात मी तेवढी मर्यादा लावली आहे. ती संपली की त्याच्या फोनवर गेम आपोआप बंद होईल. मर्यादा मॅचच्या मधोमध संपली तर तो चिडेल, म्हणून पंधरा मिनिटं वाढवून देण्याचा अधिकार मी माझ्याकडे ठेवलाय. "आजी, तू आईला सांग ना" म्हणून तो तुझ्याकडे येईल. येऊ दे.

दर काही आठवड्यांनी गेमचा सीझन संपतो आणि रँका खाली येतात. त्याआधीचे चार दिवस मुलं रँक चढवायला पछाडलेली असतात, त्याला ते पुश म्हणतात. रोज नुसतं गेम उघडलं तरी काहीबाही बक्षीस मिळतं, म्हणून तो सकाळी दात घासताना दोन मिनिटं उघडतो. ही बक्षिसं त्यासाठीच ठेवलेली असतात. पोराचा दोष निम्मा, कंपनीचं कसब निम्मं.

"नेट स्लो आहे" ही त्याची तक्रार खरी असू शकते, आणि आईची मालिका नीट चालते हेही खरं. लातूरकरांना टाकी आणि नळ यातला फरक मी काय सांगू? मालिकेचं पुढचं थोडं चित्र आधीच टाकीत भरून ठेवलेलं असतं, नळ क्षणभर गेला तरी कळत नाही. गेमला टाकी नसते, थेट नळ. त्याने बटण दाबलं, ते सर्व्हरपर्यंत, म्हणजे गेमच्या मुख्य संगणकापर्यंत, जाऊन परत आलं, याला लागणारा वेळ म्हणजे पिंग. तो पडद्यावर मिलिसेकंदांत दिसतो. पन्नास-साठच्या आत असेल तर उत्तम, दीडशेच्या पुढे गेला की समोरचा दिसायच्या आधी गोळी लागते. उपाय महागडा प्लॅन नाही, कारण गेमला डेटा फार थोडा लागतो. (अपडेट मात्र जीबीमध्ये येतं, ते मोबाइल डेटावर करायचं नाही, दिवसाचा कोटा तिथेच संपतो.) राउटर टीव्हीच्या मागे कोंबलाय, तो काढून कपाटावर उंच, मोकळ्या जागी ठेवा. आपल्या वायफायची दोन नावं दिसतात, एकापुढे '५जी' आहे. त्याचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी संबंध नाही. ते पाच गिगाहर्ट्झवर चालतं, वेगवान आहे पण भिंती ओलांडताना दमतं. दुसरं २.४ वर चालतं, दूर पोचतं पण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वायफायने त्यात गर्दी होते. हॉलमध्ये बसला तर ५जी, माडीवर असेल तर दुसरं.

पैशाचं मात्र नीट वाचा. बाबा, हे तुमच्यासाठी.

गेम फुकट आहे, पण त्यातले कपडे, बंदुकीचे रंग, रॉयल पास हे यूसी नावाच्या गेममधल्या चलनात विकत मिळतं. त्याने खेळ सुधारत नाही, मिरवता येतं. त्याच्या फोनवरून प्ले स्टोअरमार्फत खरेदी केली तर परवानगी माझ्या फोनवर येते. पण यूसी बाहेरच्या वेबसाइटवरूनही यूपीआयने घेता येतो, तिथे फॅमिली लिंकला पत्ता लागत नाही. म्हणजे खरं दार तुमचा फोन आहे.

तुमच्या फोनमध्ये तीन गोष्टी पाहा. पहिली, यूपीआय लाइट. त्यात हजार रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो आणि एका वेळी पाच हजारांपर्यंत शिल्लक ठेवता येते. चहाला, भाजीला सोयीचं, पण फोन कुणाच्याही हातात गेला तर तेवढे पैसे उघडेच. तिथे पाचशेच ठेवा, आणि शिल्लक संपली की आपोआप भरण्याची सोय चालू असेल तर बंद करा. दुसरी, ऑटोपे. एखाद्या सबस्क्रिप्शनला एकदा पिन टाकून मंजुरी दिली की पुढे पंधरा हजारांपर्यंतचा हप्ता पिन न विचारता कापला जाऊ शकतो. चोवीस तास आधी संदेश येतो, पण तो तुम्ही वाचत नाही हे मला माहीत आहे. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी असते, त्यातलं जे ओळखीचं नाही ते तिथेच रद्द करा. नुसतं ॲप काढून टाकल्याने हप्ता थांबत नाही, ही चूक बहुतेक जण करतात. तिसरी, पिन. भाजीवाल्यापुढे पिन टाकताना शेजारी उभ्या नातवाला तो पाठ होतो. बदला. नवा पिन करायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत, किंवा आधारचा ओटीपी लागतो, म्हणून ते कार्ड फोनच्या कव्हरमध्ये खोचून ठेवू नका.

याहून बरं म्हणजे पेन्शनचं खातं यूपीआयला जोडूच नका. दुसरं बचत खातं जोडा, त्यात महिन्याला चार-पाच हजार टाका. अथर्वच्या वह्या, झेरॉक्स, बसभाड्यासाठी भीम ॲपमध्ये यूपीआय सर्कल आहे. त्यात तुम्ही मुख्य, तो दुय्यम. 'अंशतः' हा पर्याय निवडा, म्हणजे तो पैसे देईल तेव्हा विनंती तुमच्या फोनवर येईल आणि तुम्ही पिन टाकल्यावरच पैसे जातील. 'पूर्ण' निवडलात तर ठरवलेल्या रकमेपर्यंत तो तुम्हाला न विचारता खर्च करू शकेल.

चुकून प्ले स्टोअरवर खरेदी झालीच तर रागावण्यात दिवस घालवू नका, मला लगेच सांगा. अठ्ठेचाळीस तासांच्या आत परतावा मागितला तर मिळण्याची शक्यता बरी असते, नंतर गेम कंपनीच्या दारात उभं राहावं लागतं. त्यालाही हेच सांगून ठेवा, की लपवलंस तर वेळ जाईल.

बाबा, तुम्ही विचारत होतात तो कायदा ऑगस्ट २०२५ चा. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून पैसे जिंकायचे ऑनलाइन खेळ, म्हणजे रमी, फँटसी क्रिकेट वगैरे, चालवण्यावर आणि त्यांच्या जाहिरातींवर त्याने बंदी आणली. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, चालवणाऱ्याला आहे. बीजीएमआय त्यात येत नाही, कारण तिथे पैसे लावून पैसे मिळत नाहीत. पण बंद झालेल्यांच्या जागी परदेशातून चालणारी ॲपं टेलिग्रामवरच्या लिंकने येतात. ओळख सोपी आहे. "आधी शंभर भरा, दोनशे काढा" म्हणणारं काहीही त्यातलंच. पहिल्यांदा दोनशे खरंच देतात. तो गळाला लावलेला किडा.

तसंच 'फुकट यूसी' देणारी लिंक. उघडली की गुगल किंवा फेसबुकचा पासवर्ड मागते, आणि दिला की गेमच काय, मेलही जातो. एपीके, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी फाइल आली, मग ती लग्नपत्रिका असो की वाहनाचं चलान, तिला हात लावायचा नाही. असलं ॲप तुमचे मेसेज वाचू लागतं आणि त्यात बँकेचे ओटीपी असतात. हे अथर्वला ठाऊक आहे, खरं तर त्यानेच तुम्हाला शिकवावं. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा, मग बँकेला. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी अडवायचे असतात, म्हणून दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. फ्रिजवर हा आकडा चिकटव, आई.

फोन गरम होतो त्याचं कारण साधं आहे. चार्जिंगला लावून, गादीवर ठेवून, जाड कव्हरसकट खेळलं की उष्णता तीन बाजूंनी कोंडते. मग फोन स्वतःच आपला वेग कमी करतो, चित्र अडखळतं आणि तो म्हणतो फोन जुना झाला. नवा फोन घेऊ नका. कव्हर काढून, चार्जर काढून खेळायला सांगा. फोनची पाठ फुगलेली दिसली तर मात्र चार्जिंग बंद, दाबायचा नाही, टोचायचा नाही, सरळ दुकानात.

रात्री साडेदहाला तिघांचेही फोन हॉलमध्ये चार्जिंगला. बाबा, तुमचाही. त्याला पहाटे उठायला गजराचं घड्याळ पाठवते आहे, म्हणजे 'गजरासाठी फोन जवळ हवा' ही सबब राहणार नाही.

व्यसनाची भीती तुम्हाला वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने तिच्या आजारांच्या यादीत हा विकार घेतला आहे, पण त्यासाठी साधारण वर्षभर ताबा सुटलेला असणं आणि अभ्यास, झोप, माणसं हे सगळं मागे पडणं असं पाहतात. तो रोज ग्राउंडवर जातो, जेवताना बोलतो, चाचणीत गुणही बरे पडलेत. नुसता गेम खेळतो तेवढ्यावर त्याला व्यसनी म्हणू नका. हे तिन्ही एकदम बंद झालं तर मला कळवा. १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, फुकट नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

बाबा, एक काम. लाइट गेली की राउटर बंद पडतो आणि चालू सराव परीक्षा अडकते. त्यासाठी छोटा यूपीएस मिळतो. राउटरच्या ॲडॉप्टरवर बारीक अक्षरात आउटपुट लिहिलेलं असतं, बारा व्होल्ट की नऊ, आणि पुढे किती अँपिअर. चुकीच्या व्होल्टचा लावला तर राउटर जळतो. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्याच्याही ॲडॉप्टरवरचं बघा. दोन्हींचे फोटो काढून पाठवा, हलू देऊ नका. अथर्वला धरायला सांगितलंत तरी चालेल.

तुमची,
मनू