घराघराला वेगळा बोलणारा तबला

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेले ध्वनिमुद्रण मी हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकले. तबला सबंध उतरलेला नाही, म्हणजे सगळाच खालच्या स्वराला गेलेला नाही. तो घराघराला, म्हणजे कडेच्या सोळा भागांपैकी प्रत्येकाला वेगळा बोलतो आहे, आणि एकाच घरावर वाजवलेला ‘ना’ हा बोलसुद्धा सरळ न टिकता हलकेच थरथरतो. ही दोन्ही लक्षणे एकाच दोषाची आहेत, म्हणून हातोडी उचलण्याआधी दोष नेमका कोठे आहे ते शोधावे, अशी माझी विनंती आहे.

‘ना’ वाजवताना अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या कडेवर टेकलेली असते, त्यामुळे पुडीचा, म्हणजे वरच्या चामड्याचा एक अर्धा भाग वर जातो तेव्हा समोरचा अर्धा खाली जातो. ताण सर्वत्र सारखा असेल, तर ही हालचाल कोणत्याही दिशेने घडवली तरी स्वर तोच येतो. ताण विषम असेल, तर परस्परांशी काटकोन करणाऱ्या दोन दिशांचे स्वर किंचित वेगळे होतात आणि ते एकदम वाजले की थरथर ऐकू येते. शाईच्या भारामुळे आपल्या चर्मवाद्यांचे उपस्वर मूळ स्वराच्या पटीत बसतात, हे भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये मांडले होते. इतकी सुंदर रचना केवळ ताणाच्या विषमतेने बिघडू द्यावी, हे मला पटत नाही.

तानपुरा लावून, एका घरापाशी गजऱ्यावर, म्हणजे पुडीभोवतीच्या चामड्याच्या वेणीवर खडूची खूण करावी आणि तेथून पहिले, पाचवे, नववे व तेरावे घर चाटेवर, म्हणजे पुडीच्या काठाच्या पट्टीवर वाजवून पाहावे. समोरासमोरची घरे बहुधा जवळपास सारखीच लागतील, खरा फरक आडव्या जोडीत सापडेल. समजा पाचवे आणि तेरावे उतरलेले निघाले, तर त्या दोन्ही ठिकाणी गजऱ्यावर वरून एकेक हलका ठोका द्यावा आणि लगेच पहिले घर पुन्हा ऐकावे, कारण एका घराचा ताण बदलला की इतर घरेही थोडी सरकतात. सर्वांत चढ्या घराला बाकीची पंधरा घरे मिळवत बसू नये. तसे केले तर तबला चढत जातो आणि पुडीवर अकारण ताण येतो. चढलेल्या घराला गजऱ्याच्या खालून ठोका देऊन उतरवणेच बरे. ही चार घरे जुळल्यावरच मधली घरे घ्यावीत.

तेच घर दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरले, तर दोष गजऱ्याचा नाही. त्या घराखालचे वादीचे, म्हणजे पुडी ताणून धरणाऱ्या चामड्याच्या पट्टीचे पदर अंगठ्याने दाबून पाहावेत आणि शेजारच्या पदरांशी ताडून पाहावेत. वादीखाली बसवलेल्या लाकडी ठोकळ्यावरून, म्हणजे एका गठ्ठ्यावरून, बहुधा चार पदर जातात, म्हणून गठ्ठा तिरका झाला किंवा वर सरकला तर लगतची दोन घरे एकदम ढिली पडतात. तो खाली ठोकून सरळ केला की पुष्कळदा काम भागते. वादीच सैल पडली असेल, तर ती सगळीकडून ओढून घ्यावी लागते आणि ते काम कारागिराकडेच द्यावे.

हवेचाही विचार करावा. दमट हवेत चामडे ओलावा शोषून सैल पडते. इथे हिवाळ्यात खोल्या तापवलेल्या असतात, तेव्हा उलट ते आवळते आणि स्वर चढतो. म्हणून वाजवायच्या खोलीत तबला तासभर ठेवून मगच मी लावायला घेते. तुमचा तबला ओल असलेल्या भिंतीला टेकून ठेवत असाल, तर तो आधी तेथून हलवावा.

सगळी घरे जुळूनही खरखर उरली, तर शाई तडकली आहे का, ते उजेडात पाहावे. त्यावर हातोडीचा उपाय नाही, नवी पुडीच चढवावी लागते.

हे करून झाल्यावर ती चार घरे, प्रत्येक ‘ना’ पूर्ण विरेपर्यंत थांबून, सावकाश वाजवून पुन्हा ध्वनिमुद्रण पाठवावे. आईला सा. नमस्कार.

तुमची,
लेक